‘टिकाऊ असावे’ म्हणजे किती किलो?

वाचकांचे प्रश्न : शाळेतले प्रॉडक्ट डिझाइन प्रकल्प

प्रकल्पांचा हंगाम आला की पत्रांचा ओघ वाढतो. या वेळी सातारा-सांगलीकडून आलेल्या बहुतेक पत्रांची गाडी एकाच पानावर अडली आहे, ते म्हणजे डिझाइन स्पेसिफिकेशन, वस्तू कशी असायला हवी याच्या अटींची यादी. वस्तू डोक्यात तयार असते, कुणाची पुठ्ठ्याची प्रतिकृतीही झालेली असते, पण हे पान काही केल्या भरत नाही. निवडक पत्रं थोडी आटोपशीर करून उत्तरांसह देत आहोत.

*

आमचं घर कृष्णेच्या पूरपट्ट्यात आहे. पुराच्या वेळी कागदपत्रं सुरक्षित ठेवायला डबा करायचा, असा माझा प्रकल्प आहे. ‘डबा वॉटरप्रूफ, टिकाऊ, हलका, आकर्षक व किफायतशीर असावा’ असं मी स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलं. सरांनी शेजारी ‘हे मोजणार कसं?’ एवढंच लिहून वही परत दिली. माझं काय चुकलं?
— इयत्ता नववी, मिरज

सरांनी तीन शब्दांत सगळं सांगितलंय. तुझे पाचही शब्द टिफिनला चालतात, पाण्याच्या पिंपाला चालतात, चपलेलाही चालतात. ते वाचून दुसऱ्या कुणाला तुझा डबा करता येणार नाही, आणि केलाच तर तो जमला की फसला हे ठरवता येणार नाही. स्पेसिफिकेशनच्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: किती, का, आणि तपासणार कसं.

आकारापासून सुरुवात कर. घरातली वाचवायची कागदपत्रं खरोखर जमिनीवर मांड आणि पट्टीने मोज. सातबाऱ्याचे उतारे, आधारच्या प्रती, गुणपत्रिका हे बहुतेक ए-४ मध्ये बसतं, म्हणजे २९७ × २१० मिमी. पण खरेदीखत बरेचदा लीगल आकाराच्या कागदावर असतं आणि तो ३५६ × २१६ मिमी असतो. ए-४ धरून केलेल्या डब्यात नेमकं घराचं खरेदीखतच मावत नाही. दुमडून कोंबलं तर जुना कागद घडीवर फाटतो. तेव्हा डब्याचं आतलं माप किमान ३७० × २३० मिमी हवं. खोली कागदांच्या गठ्ठ्यावरून ठरेल. ८० जीएसएमचा ए-४ कागद ५ ग्रॅमचा असतो, म्हणजे शंभर कागद अर्धा किलो आणि जवळपास १ सेमी जाड. त्यात पासबुकं, रेशनकार्ड, प्लास्टिकच्या फायली मिळवल्या की ७० मिमी खोली लागेल असं धरू.

आता ‘वॉटरप्रूफ’. या एका शब्दात तीन वेगळ्या मागण्या दडल्या आहेत: पावसाचा शिंतोडा सहन करणं, पाण्यावर तरंगणं आणि बुडाल्यावरही कोरडं राहणं. इंटरनेटवरून उचलून पुष्कळ मुलं इथे ‘आयपीएक्स ७’ लिहितात. त्याचा अर्थ १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. तुझ्याकडे तपासायला २०० लिटरचं बॅरल असेल, तर त्याची उंचीच ९० सेमीच्या आत. जे तपासता येणार नाही ते लिहायचं नाही. त्याऐवजी असं लिही:

‘झाकणावर ३० सेमी पाणी राहील असा डबा ३० मिनिटं बुडवल्यावर आत ठेवलेला टिश्यू पेपर कोरडा राहावा. कारण : घरात पाणी शिरल्यावर डबा कपाटाखाली किंवा पलंगाखाली अडकून बुडू शकतो. तपासणी : २०० लिटर बॅरल, आत चारही कोपऱ्यांत टिश्यू, वर लोखंडी वजनं.’

वजनं लोखंडीच का, तेही बघ. डब्याचं बाहेरचं माप ४०० × २६० × १०० मिमी धरलं तर तो १०.४ लिटर पाणी बाजूला सारतो. डबा १.२ किलो आणि कागद १.४ किलो, एकूण २.६ किलो. म्हणजे तो ७.८ किलोच्या जोराने वर येऊ पाहणार. वर विटा ठेवल्यास त्या पाण्यात आपलं निम्म्याहून जास्त वजन गमावतात आणि डबा टुणकन वर येतो. लोखंडाचं वजन पाण्यात साधारण सातव्या हिश्श्याने कमी होतं. दुकानातली पाच-पाच किलोची दोन मापं ठेवली तरी साडेआठ किलोचा दाब उरतो. एवढ्यात काम होतं.

तरंगण्याची काळजी नको. हाच हिशोब उलटा केला तर डबा फक्त अडीच सेंटिमीटर पाण्यात बुडेल, बाकीचा वर राहील. खरी भीती आहे तो तरंगत निघून जाण्याची. त्यामुळे दोरी बांधायला कडी हवी, आणि ‘कडी मजबूत असावी’ असं न लिहिता ‘कडीला २० किलो वजन १० मिनिटं टांगल्यावर ती वाकू किंवा निखळू नये’ असं लिहायचं. २० लिटरचा पाण्याचा जार असला की वेगळं वजन शोधावं लागत नाही.

‘आकर्षक’ हा शब्द काढून टाक. तुझ्या डब्याचा रंग शोभेसाठी ठरत नाही. गढूळ पाण्यात तपकिरी, करडा, हिरवा रंग हरवतो. केशरी किंवा पिवळा उठून दिसतो. ‘२० मीटरवरून ढगाळ उजेडात ओळखू यावा’ ही मोजता येणारी ओळ झाली. ‘हलका’ म्हणजे घरातल्या कुणाला उचलता येईल एवढा, हे ठरव. आजीला न्यायचा असेल तर भरलेला डबा ३ किलोच्या आत. आणि हँडलपेक्षा खांद्याचा पट्टा बरा, कारण बोटीत चढताना दोन्ही हात मोकळे लागतात.

एक ओळ मुलांच्या यादीत कधीच नसते, ती तुझ्या यादीत असू दे. हा डबा वर्षातले अकरा महिने माळ्यावर पडून असणार. झाकणातलं रबर दाबून दाबून चपटं होतं आणि नेमकं गरजेच्या दिवशी पाणी झिरपतं. ‘झाकण लावून ३० दिवस ठेवल्यावर बुडवण्याची चाचणी पुन्हा पास व्हावी’, असं लिही आणि प्रकल्पाच्या वेळापत्रकात ते तीस दिवस आधीच राखून ठेव. झाकणाच्या आतल्या बाजूला सूचना चिकटवणार असशील तर सांगलीच्या आयर्विन पुलाच्या पातळ्या लिही: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. कागद ४० ला भरायचे, ४५ ची वाट बघायची नाही.

*

ब्रीफ आणि स्पेसिफिकेशन यांत नक्की फरक काय? आणि मुद्दे किती हवेत? आमच्या वर्गात कुणी ८ लिहिलेत, कुणी २५.
— इयत्ता दहावी, कराड

ब्रीफ म्हणजे कुणाची कोणती अडचण सोडवायची, हे सांगणारी दोन-चार वाक्यं. त्यात उत्तर नसतं. ‘उसाच्या फडात काम करणाऱ्या बायकांना पिण्याचं पाणी दुपारपर्यंत गार मिळत नाही’ हे ब्रीफ झालं. ‘त्यांच्यासाठी थर्माकोलचा डबा बनवणे’ हे ब्रीफ नाही, तिथे तू उत्तर आधीच ठरवून बसलास. मधल्या काळात तू फडात जाऊन बघतोस, विचारतोस, मोजतोस. त्या माहितीतून ज्या अटी निघतात त्यांची यादी म्हणजे स्पेसिफिकेशन. ‘५ लिटर पाणी सकाळी ७ ला भरल्यावर दुपारी १ ला २५ अंशांच्या वर जाऊ नये’ ही अट झाली. तिच्यात थर्माकोल नाही, माठ नाही, ओलं पोतंही नाही. ते सगळे मार्ग अजून खुले आहेत.

मुद्दे १० ते १५ पुरतात. पंचवीस लिहिलेस तर पंचवीस तपासावे लागतील. त्यांतले ‘असलेच पाहिजेत’ कोणते आणि ‘असले तर बरं’ कोणते, हे मात्र वेगळं दाखव. पुढे दोन अटी भांडायला लागल्या की कुणी माघार घ्यायची हे त्यावरूनच ठरतं.

*

आमची शाळा वाई तालुक्यात आहे. पाचवीची मुलं जमिनीवर मांडी घालून बसतात आणि वाकून लिहितात. त्यांच्यासाठी बुटकं डेस्क करायचं, असा आठवीच्या गटाचा प्रकल्प आहे. मुलांनी बाजारातल्या एका डेस्कचं माप टेपने घेतलं आणि तेच लिहिलं. हे योग्य आहे का? मापं कशी घ्यावीत?
— एक शिक्षिका

बाजारातल्या डेस्कचं माप ही चांगली माहिती आहे, पण ती अट होऊ शकत नाही. ते डेस्क कुणासाठी केलं होतं ते आपल्याला ठाऊक नसतं. मुलांना पाचवीच्या वर्गात पाठवा. दहा-बारा मुलं पुरेत, पण त्यात वर्गातलं सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं मूल हवंच. प्रत्येकाला मांडी घालून ताठ बसवायचं आणि चार मापं घ्यायची: जमिनीपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंत, जमिनीपासून कोपरापर्यंत (हात काटकोनात, खांदा सैल), दोन गुडघ्यांमधलं बाहेरचं अंतर, आणि पोटापासून पुढे हात लांब केल्यावर चिमटीपर्यंत. टेप कपड्यावरून सैल धरला की माप सहज सेंटिमीटरभर चुकतं. एकाने गुण्या (सुताराची काटकोनी पट्टी) भिंतीला लावून धरावा, दुसऱ्याने वाचावं, तिसऱ्याने लिहावं.

यानंतर जवळजवळ सगळे गट एकच चूक करतात: सरासरी काढतात. समजण्यासाठी आकडे घेऊ. गुडघ्याची उंची १३ ते १८ सेमी निघाली आणि सरासरी १५.५. डेस्कखाली १५.५ सेमी जागा ठेवली तर निम्म्या वर्गाचे गुडघे फळीला आपटणार. जिथे अंग मावायला हवं तिथे सर्वांत मोठ्या मुलाचं माप धरायचं. जिथे हात पोचायला हवा तिथे सर्वांत लहानाचं. म्हणून खालची जागा १८ अधिक सेंटिमीटरभर मोकळीक, १९ सेमी. लिहायच्या फळीची खोली मात्र सर्वांत लहान हाताला पोचेल एवढीच.

इथेच मजा सुरू होते. १९ सेमी जागा आणि वर १२ मिमी प्लाय, म्हणजे लिहायचा पृष्ठभाग २०.२ सेमीवर आला. सर्वांत लहान मुलाचं कोपर समजा १५ सेमीवर आहे. त्याला खांदे वर उचलून लिहावं लागेल. दोन अटी समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि हा क्षण वहीत नोंदवण्यासारखा आहे. तोडगे निघतात. दोन उंचीची डेस्कं करता येतील. जुन्या पेढ्यांवर मुनीम वापरत तसं पाय आत न घालता समोर ठेवायचं पेटीवजा डेस्क करता येईल. त्यात गुडघ्याची अट गळून पडते, पण वही पुढे जाते आणि मूल पुन्हा वाकतं. किंवा लहान मुलांना ४-५ सेमी जाडीचं छोटं आसन देता येईल. ते फक्त बैठकीखाली हवं. गुडघ्यांपर्यंत पसरलेली सतरंजी घातली तर गुडघेही तितकेच वर येतात आणि हाती काही लागत नाही. आमचा कौल आसनाला, कारण ते स्वस्त आहे आणि मूल वाढलं की काढून टाकता येतं.

वजनाची अट लिहिण्यापूर्वी गुणाकार करून बघायला सांगा. वरची फळी ६० × ४० सेमी, दोन बाजू ४० × २० सेमीच्या, मागची फळी ६० × २० सेमी: एकूण ०.५२ चौरस मीटर. १२ मिमी प्लायमध्ये हे डेस्क सुमारे पावणेचार ते चार किलो भरतं. पाचवीचं मूल ते रोज भिंतीकडे नेणार म्हणून गटाने ‘३ किलोपेक्षा कमी’ लिहिलं असेल, तर १२ मिमी तिथेच बाद झालं. ९ मिमीमध्ये जेमतेम तीन किलोवर येतं. पण ६० सेमी लांबीची ९ मिमी फळी मधोमध वाकते. खालून एक लाकडी पट्टी मारावी लागेल, आणि तिच्यामुळे गुडघ्याची जागा पुन्हा कमी होईल. पट्टी मध्यावर, दोन गुडघ्यांच्या मध्ये पुढून मागे बसवली तर सुटतं. दोन गुडघ्यांमधलं अंतर मोजायला सांगितलं होतं ते यासाठीच.

आणि ‘डेस्कवर बसू नये’ अशी सूचना लिहून उपयोग नाही. मधल्या सुट्टीत मुलं बसणारच. अट अशी लिहा: ‘मधोमध ३५ किलो वाळूची पोती ५ मिनिटं ठेवल्यावर फळी ३ मिमीपेक्षा जास्त वाकू नये आणि वजन काढल्यावर पूर्ववत व्हावी.’ पुढच्या कडेवर १० किलो दाबून डेस्क उलटतं का तेही बघा, मुलं कोपर टेकून उठतात तेव्हा नेमका तिथेच भार येतो. फळीला उतार दिला असेल तर खालच्या कडेला ५ मिमी उंचीची पट्टी हवी, नाहीतर दर दोन मिनिटांनी पेन्सिल जमिनीवर.

*

मी सुतारकाम करतो. मुलाच्या प्रकल्पाची वस्तू मी करून दिली तर चालेल का? तो सगळं मिलिमीटरमध्ये लिहून आणतो, आमचा हिशोब सुतात.
— एक पालक, कुपवाड

वस्तू मुलानेच करायला हवी. पण धोकादायक काम, म्हणजे सर्क्युलर करवतीवर फळ्या फाडणं, तुम्ही करून दिलंत आणि मुलाने तसं वहीत नोंदवलं तर शिक्षक सहसा हरकत घेत नाहीत. तुमचा खरा उपयोग त्याआधी आहे. त्याचं स्पेसिफिकेशन हातात घ्या आणि एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाने चिठ्ठी दिली असं समजून वाचा. जिथे तुम्हाला त्याला हाक मारून विचारावं लागेल, तिथे ओळ अपुरी आहे.

सुताचं म्हणाल तर इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिमी. चार सूत १२.७, सहा सूत १९.०५. दुकानात ‘सहा सूत’ म्हणून मिळणारा प्लाय १८ किंवा १९ मिमीचा असतो, आणि १२ चा म्हणून घेतलेला प्रत्यक्षात थोडा कमी भरू शकतो. मुलाने १२ मिमीची खाच कापली आणि फळी साडेअकराची निघाली की सांधा खुळखुळतो. म्हणून खाचेचं माप स्पेसिफिकेशनमध्ये आकड्यात न लिहिता ‘प्रत्यक्ष फळी मोजून’ असं लिहावं. आणि दर मापापुढे किती कमी-जास्त चालेल ते हवं. हातकरवतीने काम होणार असेल तर १ ते २ मिमी. मुलं ०.१ मिमी लिहून मोकळी होतात. करवतीचं पातंच त्याहून कितीतरी जाड असतं हे त्याला एकदा तुमच्या ठिय्यावर दाखवा.

*

मुलगी पाचगणीला शिकते, आयजीसीएसईसाठी डिझाइन अँड टेक्नॉलॉजी घेतलं आहे. ‘ॲक्सेस एफएम’ वापरून स्पेसिफिकेशन लिहायला सांगितलंय. तिने कॉम्प्युटरकडून ते लिहून घेतलं. वाचायला छान आहे, पण शिक्षिकेने नापसंत केलं.
— पालक, सातारा

‘ॲक्सेस एफएम’ ही लक्षात ठेवायची युक्ती आहे: दिसणं, किंमत, वापरणारा, पर्यावरण, सुरक्षा, आकार, कार्य, साहित्य, आणि काही शिक्षक त्यात बनवण्याची पद्धत धरतात. अडचण अशी की मुलं या मथळ्यांना रिकाम्या जागा समजतात आणि प्रत्येकाखाली एकसारखी दोन वाक्यं भरतात. खऱ्या वस्तूचं असं नसतं. पुराच्या डब्याच्या यादीत निम्मे मुद्दे पाण्याचे असतील आणि दिसण्याचा एकच. मुलीला आधी कोऱ्या कागदावर स्वतःच्या नोंदींवरून अटी काढू द्या. शेवटी या मथळ्यांवरून नजर फिरवून काही सुटलं का ते बघावं. यादीचं काम तेवढंच.

कॉम्प्युटरने लिहिलेलं परत का आलं असेल, याचा अंदाज करता येतो. त्यात तुमच्या मुलीने मोजलेलं काहीच नसणार. दप्तर टांगायच्या खुंटीचं उदाहरण घ्या. २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नको. ३० किलोच्या मुलाला ३ किलो. ही माहिती कुठेही मिळते आणि तिच्यावरून खुंटी ३ किलोची ठरते. पण वर्गातली दप्तरं ताणकाट्याला लावून बघितली तर काटा काय दाखवतो? खुंटीने त्या काट्याचं ऐकायला हवं, धोरणाचं नाही. त्यात मुलं दप्तर लटकवत नाहीत, फेकतात. म्हणून मिळालेल्या सर्वांत जड वजनाच्या तिप्पट भार धरावा. ‘कारण’ या रकान्यात तिने मोजलेल्या दप्तरांची यादी असली की परीक्षकाला दुसरं काही विचारावं लागत नाही.

सगळ्यात पोकळ वाक्यं ‘पर्यावरण’ या मथळ्याखाली सापडतात. ‘पर्यावरणपूरक साहित्य वापरावे’ याऐवजी ‘सर्व भाग स्क्रूने जोडावेत, चिकटवू नयेत, म्हणजे एक स्क्रूड्रायव्हर घेऊन १० मिनिटांत लाकूड आणि धातू वेगळे करता येतील’. हे घड्याळ लावून तपासता येतं.

*

पाटण भागात पावसाळ्यात वर्गाबाहेर ४० ओले रेनकोट पडलेले असतात. त्यासाठी स्टँड करतोय. साहित्य म्हणून एमडीएफ लिहिलंय, कारण शाळेत तेच आहे. चालेल?
— इयत्ता नववी

नाही. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड. त्याची कापलेली कड पाणी पिते, फुगते आणि पुन्हा कधीच आधीसारखी होत नाही. रंग दिला तरी स्क्रूच्या भोकातून पाणी आत जातं. प्लाय घेणार असशील तर दुकानात ‘कमर्शियल’ म्हणून मिळतो त्यावर एमआर असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ दमट हवेला टिकणारा, ठिबकणाऱ्या पाण्याला नव्हे. मरीन प्लायवर आयएस ७१० हा क्रमांक असतो, पण तो महाग. या कामाला खरं तर लाकडाची गरजच नाही. पीव्हीसी पाइप किंवा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप बघ. स्पेसिफिकेशनमध्ये साहित्याचं नाव न लिहिता वागणूक लिही: ‘२४ तास ओलं राहिल्यावर कुठल्याही भागाची जाडी १ मिमीपेक्षा जास्त वाढू नये.’ एमडीएफचा एक तुकडा रात्रभर बादलीत ठेवलास तर निकाल सकाळी दिसेल.

खालच्या ट्रेची खोली अंदाजाने लिहू नकोस. एक ओला रेनकोट स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोज, तासाभराने पुन्हा मोज. फरक समजा १०० ग्रॅम आला, तर चाळीस रेनकोटांचं ४ लिटर पाणी. १२० × ४० सेमीच्या ट्रेमध्ये ते एक सेंटिमीटरही चढत नाही. पण तो ट्रे उचलून गटारापर्यंत नेताना व्हरांडाभर सांडतं. कड ४ सेमीची ठेव, किंवा ट्रेला एका कोपऱ्याकडे उतार देऊन तिथे नळी लाव म्हणजे उचलायचा प्रश्नच मिटतो. दोन रेनकोटांमध्ये किती अंतर हवं ते टांगून बघ. एकमेकांना चिकटले की आतली बाजू दिवसभर वाळत नाही आणि कुबट वास सुटतो.

*

किंमत कशी लिहायची? आम्ही ‘५०० रुपयांपेक्षा कमी’ लिहिलं होतं, खर्च ८०० च्या पुढे गेला. आता आकडा बदलला तर गुण जातील का?
— इयत्ता आठवी, तासगाव

बदला, पण खोडू नका. जुनी ओळ एका रेघेने छेदा, खाली नवी लिहा, तारीख आणि कारण द्या. स्पेसिफिकेशन मध्येच बदलणं हा दोष नाही. शेवटच्या दिवशी कुणाला न सांगता बदलणं हा दोष, आणि तो शाईवरून ओळखू येतो.

खर्च का चुकला असेल? वरच्या उत्तरातलं डेस्क घेऊ. ०.५२ चौरस मीटर म्हणजे ५.६ स्क्वेअर फूट. करवतीची जाडी, वाकडे कापलेले तुकडे, हे सगळं धरून वर १५ ते २० टक्के वाढवा, साडेसहा स्क्वेअर फुटांच्या पुढे जातं. भाव समजा ७० रुपये धरला तर ४६० च्या आसपास. पण दुकानदार पूर्ण ८ × ४ ची शीट देतो, म्हणजे ३२ स्क्वेअर फूट. एकाच डेस्कसाठी शीट घेतली तर खिशातून जाणारे पैसे आणि डेस्कची किंमत हे दोन वेगळे आकडे होतात. दोन्ही लिहा. एका शीटमधून चार डेस्कं निघतात हेही लिहा. सुताराकडे उरलेले तुकडे मिळाले तर उत्तमच, पण मग ‘फुकट’ न लिहिता बाजारभावाने धरा, नाहीतर दुसऱ्या कुणाला त्या किमतीत ते करता येणार नाही.

मुलं विसरतात त्या गोष्टी ठरलेल्या आहेत: स्क्रू, फेव्हिकॉल, पॉलिश पेपर, प्रायमर, ब्रश, आणि मिरजेहून किंवा सांगलीहून सामान आणायचं भाडं. चार-चार दहा-दहा करत हे दीडशेवर जातं. भाव दुकानात विचारूनच लिहा आणि शेजारी तारीख टाका. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक या योजनेसाठी कल्पना पाठवणार असाल तर निवड झालेल्या विद्यार्थ्याला प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये मिळतात. मोटर, बॅटरी, सेन्सर असलेली वस्तू असेल तर हा आकडा कमाल मर्यादा म्हणून आधीच यादीत घाला.

*

शाळेच्या थ्रीडी प्रिंटरवर मोबाइल स्टँड करायचा आहे. वापरणारे म्हणून ‘सर्व वयोगट’ लिहिलं तर चालेल ना?
— इयत्ता नववी, विटा

सर्व वयोगटांत तुझ्या मामाच्या ट्रॅक्टरचा डॅशबोर्डही येतो. पीएलए, म्हणजे थ्रीडी प्रिंटरमधलं नेहमीचं प्लास्टिक, साधारण ६० अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत, किंवा ऊन थेट पडणाऱ्या काळ्या डॅशबोर्डवर, तो स्टँड गुळासारखा पाघळून मान टाकेल. त्यामुळे ‘अभ्यासाच्या टेबलावर वापरण्यासाठी’ एवढं लिही, किंवा ट्रॅक्टरवरच लावायचा असेल तर ८० अंशांच्या आसपास तग धरणारं पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक घे आणि ‘७० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं ठेवल्यावर कोन २ अंशांपेक्षा जास्त बदलू नये’ अशी अट घाल. पाणी तापवताना मोठं माणूस जवळ हवं. कोणताही एक भाग २०० मिमीपेक्षा लांब ठेवू नकोस, कारण शाळांमधल्या छोट्या प्रिंटरचा बेड बहुधा २२० मिमीचा असतो. आणि मोबाइल मोजशील तेव्हा कव्हर घालून मोज.